चमच्याचा मोतीबिंदू

व्यायामशाळेच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. वजनं उचलायच्या बाकावर डोळेबाबा बसले होते आणि भक्तांच्या डोळ्यांतून मोतीबिंदू उपसत होते. रीत सोपी. पाण्यासारखा पातळ थेंब डोळ्यात टाकायचा, ‘मिटा’ म्हणायचं, ‘उघडा’ म्हणायचं आणि पापणीपाशी जमलेला बुळबुळीत गोळा चिमट्याने उंच धरायचा.

“निघाला! जुनं पाप आहे, चिकट असायचंच!”

गर्दीतून वाट काढत भाची मावशीपर्यंत पोचली. मावशीला काचबिंदू होता. त्यात नजर कडेकडेने कायमची जाते. रोज औषधाचे थेंब घातले तर उरलेली टिकते. बाबांच्या सांगण्यावरून मावशीने ते थेंब बेसिनमध्ये ओतून टाकले होते.

“मावशी, तुला काचबिंदू आहे. हे मोतीबिंदू काढताहेत!”

“आधी मोती निघू दे, काच मग निघेल. बाबा क्रमाने घेतात.”

तेवढ्यात व्यायामशाळेचे रखवालदार बाकावर बसले. थेंब पडला, गोळा निघाला.

“अहो काका,” भाची ओरडली, “तो तुमचा काचेचा डोळा ना?”

हॉलभर माना वळल्या. मग टाळ्यांचा कडकडाट. बाबा काचेचाही मोतीबिंदू काढतात!

“तरीच,” रखवालदार म्हणाले, “या डोळ्याने इतकी वर्षं काही दिसत नव्हतं.”

भाचीने कपाळावर हात मारला. तो गोळा तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. साधा थेंब पापणी लवताच गालावर ओघळतो. म्हणून तिच्या प्रयोगशाळेत असे थेंब बनवत होते, जे अश्रूंतल्या क्षारांना भेटताच जेलसारखे घट्ट होतात, डोळ्यावर टिकतात आणि औषध सावकाश सोडतात. प्रमाण चुकलं की मात्र गोळे होऊन बाहेर पडतात. तिथे असा गोळा झाला की साहेबांची बोलणी खावी लागत. इथे लोक पाया पडत होते. आणि बाबांच्या थेंबात औषध तर नावालाही नव्हतं.

तिने रखवालदारांच्या जेवणाच्या डब्यातून चमचा आणि मीठ घेतलं, चमच्यात पाणी घेऊन मीठ विरघळवलं.

“बाबा, याचाही काढा.”

“चमच्याला श्रद्धा नसते, मुली.”

“माझ्या काचेला होती का?” रखवालदारांनी विचारलं. त्यांनी बाबांच्या हातातली बाटली घेतली आणि चमच्यात पिळली. गोळा झाला. अगदी तस्साच.

“बिचारा चमचा! किती दिवसांचा आंधळा होता!” मागून कोणीतरी म्हणालं आणि हॉल खदखदला.

बाबांना तत्काळ समाधी लागली. समाधीतच ते मागच्या दाराने निघाले. चपला तेवढ्या घालायला विसरले नाहीत.

घरी परतताना मावशीचा खांदा दाराच्या चौकटीवर आदळला. चौकट तिला दिसलीच नव्हती.

“ही कड परत येईल ना गं?”

“गेलेली येत नाही, मावशी. उरलेली राखायची.”

भाचीने पर्समधून औषधाची नवी बाटली काढली. उंबऱ्यातच थांबून मावशीने मान मागे टाकली. “घाल.”

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी चमचाभर मीठपाणी मागा. देव असेल तर रागावणार नाही. बाबा असेल तर पळेल.