दसऱ्याच्या सहा गोळ्या

निशिगंधाने गोळी कानाशी नेऊन हलवली, मग दुसरी हलवली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"काका, ह्या कुठून घेतलेल्या?"

"शेठनी दिलेल्या. अठरा वर्षं झाली," सहदेव म्हणाला. "का हो ताई, सादळल्या का?"

टेंभी नाक्याजवळचं हे शस्त्रांचं दुकान निशिगंधाच्या वडिलांचं. आता तीच चालवायची. डोंबिवलीच्या सराफी पेढीचा धाकटा मालक साकेत नवीन गोळ्या घ्यायला आला होता आणि पारखायला सहदेवला घेऊन आला होता. परवाना मालकांचा, पण शस्त्र बाळगणारा माणूस म्हणून त्यावर नाव सहदेवचं. डोंबिवली आणि ठाण्याच्या दुकानांत दागिने न्यायचे-आणायचे तेव्हा कमरेला ते आखूड नळीचं रिव्हॉल्वर लावून थोरल्या शेठच्या शेजारी बसायचं, हे त्याचं काम.

"काका, सगळ्यात पॉवरफुल घेऊन टाकू ना," साकेत म्हणाला.

"नको. एवढंसं तर हत्यार आहे. जोराची गोळी टाकली तर हात उडतो, दुसऱ्या गोळीला नेम राहत नाय. साधी शिशाची घ्या, पण ताजी घ्या."

होमगार्डमध्ये शिकलेलं तो विसरला नव्हता. पेढीवर आल्यापासून मात्र त्याने एकही बार काढला नव्हता. "उगाच उडवायच्या नाहीत, सहदेव, पूजेतल्या आहेत त्या," असं साकेतचे वडील, थोरले गुरुदत्तशेठ म्हणायचे. दर दसऱ्याला रिव्हॉल्वर पूजेत मांडलं जाई. शेठ सहाही गोळ्यांना कुंकू लावत, स्वतःच्या हाताने पुन्हा भरत आणि भरल्या पेढीत ते सहदेवच्या ओंजळीत ठेवत. त्या दिवशी सहदेव हवेत चालायचा.

निशिगंधाने नवीन डब्यातली गोळी त्याच्या कानाशी हलवली. डबीत खसखस हलावी तसा बारीक आवाज आला. मग जुनी हलवली. काहीच नाही.

"आणि हे बघा," तिने भिंग पुढे केलं. "शिशाच्या कडेला ही काळपट रेघ. कंपनीचा माल असा येत नाही."

सहदेवला ओळखायला क्षणभरही लागला नाही. लाख होती ती. पोकळ दागिन्यांत भरतात ती लाख. पेढीच्या मागच्या कारखान्यात दिवसभर तिचाच वास असायचा.

निशिगंधाने जपून, पकडीने शिसं ओढून काढलं. खालची पितळी नळी स्वच्छ पुसलेली. दारूचा कणही नाही. मग तिने एकेक करून सगळ्या उघडल्या. सहाही तशाच.

"मला नव्हतं माहीत, काका. आईशप्पथ," साकेत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, म्हणजे खरंच नसावं.

सहा वर्षांपूर्वी माजिवड्याला दोघांनी गाडीपुढे मोटारसायकल आडवी घातली होती. एकाच्या हातात कोयता होता. सहदेव दार उघडून खाली उतरला, रिव्हॉल्वर रोखून उभा राहिला आणि ते पळाले. तेव्हा शेठ आत बॅग छातीशी धरून बसले होते. त्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी त्याला उतरू दिलं, आणि वर दर दसऱ्याला हीच गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगितली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. शेतातल्या बुजगावण्याची निदान कोणी पूजा तरी करत नाही.

सहदेवने नव्या डब्यातली एकेक गोळी कानाशी हलवून सहा निवडल्या. कामात खोट नको.

पेढीवर येऊन त्याने सहा रिकाम्या नळ्या गुरुदत्तशेठच्या पुढ्यात मांडल्या. शेठनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. आश्चर्य वाटल्याचं सोंग काही त्यांनी केलं नाही.

"साकेत, तू आत जा."

"राहू द्या त्यांना," सहदेव म्हणाला. "शेठ, का?"

"अरे, तुझ्यावर अविश्वास नव्हता. पण गाडीत एवढं सोनं, शेजारी भरलेलं हत्यार. माणसाची बुद्धी फिरायला किती वेळ लागतो? माझी मुलं लहान होती तेव्हा."

"माजिवड्याला उतरलेलो तेव्हा माझी रसिका बारावीला होती."

सहदेवने रिव्हॉल्वर काढलं आणि त्यांच्यासमोर नव्या गोळ्या भरू लागला. तिसऱ्या गोळीला शेठ मागे सरले. सहावीला त्यांचे डोळे नळीवरून हलेनात. सहदेव इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसला होता. हा चेहरा त्याने समोरून कधी पाहिलाच नव्हता.

त्याने मूठ शेठकडे वळवून रिव्हॉल्वर गादीवर ठेवलं. कमरेचा पट्टा सोडून शेजारी ठेवला.

"आता भरलंय," तो म्हणाला. "सांभाळा."

संध्याकाळी सहदेवच्या कोपरीच्या खोलीचं दार रसिकाने उघडलं आणि सवयीने ती दोन पावलं मागे झाली. हत्यार कपाटात कुलूपबंद होईपर्यंत बाबांजवळ यायचं नाही, हा नियम त्यानेच घातला होता. सहा वर्षांची असताना ती एकदा धावत येऊन कमरेला बिलगली, तेव्हा त्याने तिच्या थोबाडीत मारली होती. त्यानंतर ती कधी धावत आली नाही.

"बाबा, ठेवलंत का?" तिने पाण्याचा तांब्या घेऊन लांबूनच विचारलं.

"काय नाय माझ्याकडे. ये."

रसिका लगेच आली नाही. कपाटाच्या कुलपाकडे बघत ती तिथेच उभी राहिली.