डब्ब्याचे वर्ष

बायकोच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी टेकचंदने तिच्या कंप्युटरवरचे फडके काढले, तेव्हा तिने काढलेल्या साड्यांच्या नक्ष्या गेल्याचे त्याला कळले. स्क्रीन लागला, शेवंताबाईचे नाव दिसले, आणि आत काहीच नव्हते.

"भूपेंद्र! तुह्या मायच्या नक्ष्या कुठी गेल्या?"

श्राद्धाला नागपूरहून आलेला मुलगा चहाचा कप घेऊन तसाच धावत आला. टेबलाखाली पूर्वी मोठा खोका गुरगुरत असायचा, तिथे आता मुठीएवढी डबी होती. दिवाळीत ती भूपेंद्रनेच बसवली होती. गल्लीतल्या चार घरांचे चार कंप्युटर रात्रंदिवस वीज खातात, म्हणून चारही मोडीत काढून सगळ्यांच्या कंप्युटरमधले सामान शेजारच्या भोजराजकडे एका सामायिक डब्ब्यात ठेवले. वायफाय एक, प्रिंटर एक. काम नसले की डब्बा झोपतो. तेव्हापासून भोजराज मीटरसमोर असा उभा राहायचा, जणू आकडे त्यानेच धरून ठेवलेत. विणकरांच्या गल्लीत जन्मून ज्याने धोटा हातात धरला नाही, तो पवनी गावभर काटकसर शिकवत फिरत होता.

आवाज ऐकून तो आलाच.

"टेकचंदभाऊ, जागा साऱ्यायची हाय. वर्षभर जे कोणी उघडलं नाही, ते डब्बा काढून टाकते. नाहीतर आणखी एक डिस्क लावा लागते. तिले आणखी लाइट."

"वर्ष काल झालं, भोजराज."

टेकचंदच्या घरात विणणारे माणूस वारले की त्याचा माग वर्षभर कोणी चालवत नसे. शेवंता मागावर बसायची आणि नक्ष्या कंप्युटरवर काढायची. म्हणून टेकचंदने दोन्हींवर फडके टाकले होते.

भूपेंद्र खाली पाहून म्हणाला, "बाबा, आईनं शेवटचं उघडलं ते दवाखान्यात जायच्या आधी. पंधरा दिवस ती तिथंच होती. डब्ब्याचं वर्ष तेव्हाच झालं."

"मी ग्रुपवर तीनदा टाकलं होतं," भोजराज म्हणाला. "पाहिजे ते उघडून ठेवा म्हणून."

"अन् तुह्ये रोजचे गुलाबाचे फुलं पाहत बसू काय मी?"

खरे तर तेच झाले होते. भोजराजचे काहीही आले की टेकचंद न पाहता पुसून टाकायचा. आजही त्याला त्याचा पश्चात्ताप झाला नाही. झाला तो रागच, थोडा स्वतःवरही.

"वापस नाही येत?"

"त्या जागेवर दुसरं चढलं, बाबा."

"काय चढलं?"

भूपेंद्रने भोजराजकडे पाहिले. भोजराजने घसा साफ केला. "आमच्या नातीच्या बारशाचे व्हिडिओ. पाठवू काय, भाऊ?"

"मीटर पाह्य जा तू," टेकचंद म्हणाला. "पळून जाईल तो."

भोजराज गेला. टेकचंदने आतल्या खोलीत जाऊन मागावरचे फडके काढले. वर्षभराची धूळ उडाली. शेवंताची शेवटची साडी तशीच होती, काठासकट अंग विणून झालेली. पदराची नक्षी तिने दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी कंप्युटरवर पुरी केली होती. कागदावर छापायची मात्र राहिली. वर्ष सरले की पदर आपण स्वतः विणू, असे टेकचंदने तिला शेवटी दवाखान्यात सांगितले होते.

तो मागावर बसला. धोटा हातात घेतला, आणि परत ठेवला.

पदर विणायचा राहिला आहे.