सातचा भूकंप

वरचा दिवा डावीकडे गेला, उजवीकडे आला, आणि पुन्हा डावीकडे जायच्या आत विल्नेर रस्त्याच्या मधोमध उभा होता. हात कोपरापर्यंत मैद्याने माखलेले, चप्पल एकाच पायात. त्याच्या मागोमाग गल्लीतला कुत्राही जीव घेऊन धावत आला होता, आणि कुरिको गावात आजही शपथेवर सांगतात, की त्या शर्यतीत कुत्रा दुसरा आला.

बेकरीत मात्र कुणी जागचं उठलं नव्हतं.

"चार-आठ," भट्टीवरचा जुना कारागीर निबाल्दो म्हणाला.

"छट्! पाच-एक," मालकीण दोन्या एदुविखेस म्हणाल्या; दोन्या म्हणजे तिकडचं 'बाई'.

चिलीत धरणी हलली की दिव्याकडे बघायचं, कप हातात धरायचा आणि आकडा सांगायचा. रेडिओवर खरा आकडा आला की ज्याचा चुकला त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. निबाल्दोचा चुकला. तो आधण ठेवायला उठला, तेव्हा कुठे त्याला धूर दिसला.

"विल्नेर! लेका, पावांचा कोळसा झाला की रे!"

विल्नेर हैतीचा. इथल्या तऱ्हा त्याने एकेक करून पचवल्या होत्या. बाईमाणूस भेटलं की गालाला गाल लावायचा. पहिल्या दिवशी हे ठाऊक नव्हतं, म्हणून तो नुसती मान लववून कामाला लागला, तर दोन्या एदुविखेस दुपारपर्यंत फुगून बसल्या. रात्रीचं जेवण म्हणून पाव, मीठ लावलेलं अ‍ॅव्होकाडो आणि चहा. बस्स, एवढंच. आणि थंडी तर अशी, की तोंडातून आधी वाफ पोचायची, शब्द मागाहून. हे सगळं त्याला जमलं होतं. भूकंपात बसून राहणं तेवढं जमत नव्हतं.

"तुमच्याकडे केवढ्याचा झाला होता रे?" चहा पिता पिता निबाल्दोने विचारलं.

"सातचा."

"फक्त सात?" निबाल्दोला ठसका लागला. "अरे, आमचा आठ-आठचा होता! माझ्या सासूची कवळी पलीकडच्या गावात सापडली, तीही हसत होती! आणि उजाडायच्या आत आमची भट्टी पेटलेली!"

"तुमचाच मोठा," विल्नेर म्हणाला. "पण तुमच्या भिंती उभ्या राहिल्या. माझ्या नाही राहिल्या."

निबाल्दोने पावाचा तुकडा बशीत ठेवला. दोन्या एदुविखेसनी घसा साफ केला.

"ते असेल बाबा. पण रोज पाव जाळून मी दुकान कसं चालवू? पुन्हा भट्टी सोडून पळालास, तर एप्रन त्या खुंटीला टांग आणि परत येऊ नकोस."

ही नोकरी गेली की या देशात राहायचा परवानाही जाणार होता. ते त्यालाही ठाऊक होतं आणि दोन्या एदुविखेसनाही.

निबाल्दो मनाने वाईट नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्याने विल्नेरची तालीमच सुरू केली. त्याला खुर्चीवर बसवायचं, हातात भरलेला कप द्यायचा आणि पाठीमागून खुर्ची गदागदा हलवायची. "हा पाचचा... हा सहाचा... धर, कप धर!" आठच्या भूकंपाला खुर्चीचा पाय मोडला आणि निबाल्दो स्वतःच मैद्याच्या ढिगात तोंडावर पडला. विल्नेरच्या कपातला एक थेंबही सांडला नव्हता.

"पास झालास की!" पांढऱ्याफटक तोंडाने निबाल्दो ओरडला.

"खुर्ची काय, कुणीही हलवेल," विल्नेर म्हणाला. "छप्पर हलवून दाखव."

ते शनिवारी हललं.

पावासाठी रांग लागलेली. आधी बाटल्या किणकिणल्या, मग जमिनीच्या पोटातून गुरगुर आली. सगळ्यांनी दिव्याकडे पाहिलं. विल्नेरने खुंटीकडे पाहिलं.

एप्रनची गाठ पाठीवर घट्ट बसली होती. मैद्याने माखलेल्या बोटांना ती सुटेना. छताची भुकटी डोक्यावर पडत होती आणि रांगेतून कुणीतरी "पाच-सहा!" म्हणत होतं. शेवटी गाठ सुटली. त्याने एप्रन खुंटीला टांगला, त्याची सुरकुती हाताने सारखी केली, आणि मागच्या दाराशी गेला. दार चौकटीत आवळलं होतं. खांद्याने धडका दिल्या, तेव्हा ते उघडलं.

हलणं थांबल्यावर दोन्या एदुविखेस कमरेवर हात ठेवून त्याच दारातून रस्त्यावर आल्या. त्यांच्यामागे अख्खी रांग.

"काय सांगितलं होतं मी तुला?"

"एप्रन टांगलाय, दोन्या."

"एवढा आडदांड गडी, आणि असा भित्रा!" रांगेतली एक म्हातारी हसली.

"भितोच मी, आजी," विल्नेर म्हणाला. "आज पळालो, उद्याही पळेन. तुमच्या वयाचा झालो की काठी टेकत पळेन. माझी आई अशीच कप धरून बसली होती. म्हणाली, बस रे, थांबेल आत्ता. मी बाहेर पडलो. माझ्यामागे दार असंच अडकलं, ती आतच राहिली." तो दोन्या एदुविखेसकडे वळला. "नोकरी काढून घ्या. पण मी बसणार नाही."

आत रेडिओवर आकडा सांगत होते. कुणीही तो ऐकायला गेलं नाही.

दोन्या एदुविखेस त्या दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सोमवारी ये आणि तुझं सामान घेऊन जा."

सोमवारी सकाळी तो सामान घ्यायला गेला. मागचं दार सताड उघडं होतं आणि ते मिटू नये म्हणून मैद्याची एक भरलेली गोणी त्याला टेकवून ठेवली होती. आत जुलैचा, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याचा, गारठा शिरला होता. निबाल्दो गळ्याला मफलर गुंडाळून कुरकुरत होता.

"अहो दोन्या, दार लावा! या थंडीत पीठ फुगणार कधी? पाव दुपारी विकायचे का?"

"दुपारी विकू," दोन्या एदुविखेस म्हणाल्या. विल्नेरकडे न बघताच त्यांनी गाल पुढे केला. "आत येताना गोणी हलवू नकोस. ती आता तिथेच राहणार. आणि पळायचं तर नीट पळ. एप्रन टांगत कशाला बसतोस?"

विल्नेरने त्यांच्या गालाला गाल लावला. मग खुंटीवरचा एप्रन काढून अंगात घातला, आणि पाठीमागे हात नेऊन गाठ मारली. सैलच.