ड्रमातला समुद्र

दादाजींची तार सुखरूप पोचली आणि उत्तरादाखल पाच कप चहा आला. पण हे अजून झालेलं नाही, असं धरून चाला. कारण सध्या सकाळचे अकरा वाजलेत आणि त्यांच्या सूनबाई शोभाताई अंगणातल्या निळ्या ड्रमपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत.

ड्रममध्ये वीस फूट समुद्री केबल होती. दादाजींचे वडील कोकण किनाऱ्यावरच्या तारकेंद्रात कामाला. समुद्राखालून आलेले विलायती निरोप तिथून पुढे जात. केंद्र बंद पडलं तेव्हा साहेबानं हा तुकडा त्यांना दिला आणि बजावलं, कोरडी पडली की मेली. तिथंही केबल पाण्याच्या हौदातच ठेवत, नाहीतर वरचं आवरण तडकायचं. तेव्हापासून आधी हंडा, मग पिंप, आता सक्करदऱ्याच्या या अंगणात ड्रम. दर अमावास्येला दादाजी मूठभर मीठ टाकत. तिला परकं वाटू नये म्हणून.

"मामाजी, मे लागला. कूलरले पाणी नाही, अन् तुम्ही वायरचं लोणचं घालून राहिले," शोभाताई म्हणाल्या. "बारापर्यंत चालली तर ठेवा. नाही तर भंगारवाल्याले सांगून ठेवलं मी."

त्या आत गेल्या. नात दीपमाला आयटीआयची वायरमन. तिनं केबलच्या खालच्या टोकाला बॅटरी जोडली, दाराची बेल काढून गच्चीवर वरच्या टोकाला लावली आणि बटण दादाजींच्या हाती दिलं.

"काय पाठवता, आबाजी?"

"'चहा ठेव'."

"मले ते कट्ट-कडकट्ट समजत नाही."

"तुले कोण विचारते वं? तारेले समजते."

त्यांनी बटण दाबलं. काहीच नाही. दीपमालानं टोक खरवडून पुन्हा जोडलं. दादाजींनी डोळे मिटून दाबलं, आणि गच्चीवर बेल वाजली.

 मग त्यांनी वडिलांनी शिकवलेल्या तारेच्या भाषेत अख्खा निरोप पाठवला. मग नियमाप्रमाणे सही, तारीख, पिनकोड. बेल चार मिनिटं थांबली नाही.

स्वयंपाकघरात शोभाताईंना वाटलं, पारशिवनीचे पाहुणे आले आणि भलतेच उतावीळ आहेत. त्यांनी चहा टाकला. ट्रे घेऊन त्या दारात आल्या, तर दारात कुणीच नव्हतं.

दादाजींनी एक कप उचलला. "निरोप पोचला. शब्दशः."

शोभाताईंनी उरलेले चार कप मोजले.

"बरं. वायर ठेवा," त्या म्हणाल्या. "ड्रम मले पाहिजे."

दादाजींनी चहा संपवला आणि कागद मागवला.

"महोदय, उपरोक्त ड्रमातील पाणी खारट असून नळाच्या वेळेनुसार त्यास भरती-ओहोटीही येते. तरी त्यास समुद्राचा दर्जा देण्यात यावा, आणि किनारपट्टीच्या नियमांन्वये भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या आत कूलर भरण्यास मनाई करण्यात यावी, ही नम्र विनंती."