ढोंगाबाई

"टाच आधी," आई स्वतःलाच बजावत होती. "टाच, मग चवडा. ढुंगण फेकायचं न्हाय."

आमच्या बारामतीच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दारापासून बाल्कनीपर्यंत अठरा फरश्या आहेत. तिच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलून सात आठवडे झाले होते. वॉकर सुटला होता, काठीही सुटली होती. एकतीस वर्षांचं लंगडणं तेवढं सुटत नव्हतं.

त्या बुधवारी ती अठराच्या अठरा फरश्या सरळ चालली. मी ग्रंथालयात कामाला निघाले होते, डबा हातात होता. बाल्कनीच्या कठड्याला हात लावून ती वळली आणि तशीच सरळ परत आली. पातळाच्या निऱ्या दोन्ही बाजूंना सारख्या हलत होत्या. मी दारातच थांबले.

"बघत काय उभी राहिलीस? उशीर हुईल तुला."

नऊ दिवसांनी कळसला, आमच्या गावी, अविराजचं लग्न होतं. अविराज हा माझ्या थोरल्या चुलत्यांचा, आबांचा नातू. आईची सगळी तयारी त्यासाठी होती. हळदीच्या दिवशी आबा अंगणात खुर्ची टाकून बसणार आणि फाटकापासून त्या खुर्चीपर्यंत ती सरळ चालत जाणार, हे ऑपरेशनच्या आधीच ठरलं होतं. जिना चढता येईल का, देवळात जाता येईल का, असलं काही तिने डॉक्टरांना विचारलं नाही. हळदीपर्यंत चाल सुधारेल का, एवढंच विचारलं.

ती पडली तेव्हा मी सात वर्षांची होते. डाळिंबाचा तोडा चालू होता. पेट्या चढवताना ती ट्रॉलीवरून खाली आली आणि तिला उठता येईना. आबांनी लांबूनच पाहिलं आणि मुका मार आहे, शेकून घ्या म्हणून सांगितलं. इंदापूरची एसटी दिवसातून तीनदा आमच्या दारावरून जायची. तिच्यात बसवून दवाखान्यात न्यावं असं घरात कुणालाच सुचलं नाही. वडिलांना सुचलं असेल, पण थोरल्या भावापुढे ते बोलत नसत. पाचव्या दिवशी तोड्याची माणसं जेवायची खोळंबली, तेव्हा आबा दारात येऊन म्हणाले, "धोंडाबाई कसली, ढोंगाबाई हाय ही. कामाच्या टायमाला बरा पाय दुखतो."

आई भिंत धरून उठली आणि भाकरी थापायला बसली.

हाड जसं जुळायचं तसं जुळलं. पाय आखूड झाला आणि नाव पक्कं झालं. पुढे गावातली शेंबडी पोरंसुद्धा मला ढोंगाबाईची रोहिणी म्हणायची.

एकतीस वर्षांनी डॉक्टरांनी खुबा उघडला. हाड पूर्वी कधीतरी मोडलेलं आहे आणि वाकडं जुळलं आहे, असं त्यांनी सांगितलं. एवढी वर्षं या बाई चालल्या कशा, असंही म्हणाले. आईने त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं.

"मोडलं होतं म्हंता?"

"मोडलं होतं, आजी."

"नुसता मार न्हवता?"

"नाही हो. चांगलं मोडलं होतं."

ती उशीवर मागे टेकली. त्या दिवशी तिने दुखण्याची गोळी मागितली नाही.

व्यायाम शिकवायला योगिनी यायची, कन्हेरीहून स्कूटीवर. हसरी, बडबडी मुलगी. पाचव्या आठवड्यात ती म्हणाली, "आजी, सांधा नवा आहे, पायही आता सारखे आहेत. दुखतही नाही ना? मग तुम्ही लंगडता ते नुसत्या सवयीनं."

आई मटकन खुर्चीत बसली. "म्हंजे आता मी खरंच ढोंग करती म्हण की."

योगिनी हसली. तिला काय माहीत.

आपण कुठे चुकतो ते आईला कळेना. योगिनीने तिचं चालणं मोबाइलवर काढून दाखवलं, तर आई म्हणाली की त्या एवढ्याशा काचेत मला काय दिसतंय. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू चालून दाव. मी कशी चालती ते."

मी चालले. विचार करावाच लागला नाही. उजवा खांदा आपोआप खाली गेला, कंबर बाहेर गेली, हात मांडीवर टेकला. अठराव्या फरशीवर भानावर आले आणि वळले.

"व्वा ताई," योगिनी म्हणाली, "हुबेहूब."

आईने चष्मा पुसून पुन्हा घातला. "तुला पाठ हाय आजून," ती म्हणाली.

मला पाठ होतं, कारण लहानपणी मी ते रोज करत असे. कळसच्या अंगणात पाहुणे बसले की आबा मला पुढे बोलवायचे आणि मी आईची चाल करून दाखवायचे. आई ते चुलीपासून बघायची. त्याबद्दल एकतीस वर्षांत ती एक अक्षर बोलली नव्हती. मीही नाही. मी घर घेतलं, वडील गेल्यावर तिला इकडे आणलं, डॉक्टर शोधला, रजा टाकल्या. ते एक मात्र बोलले नाही.

तर त्या बुधवारी ती सरळ चालून दाखवून पलंगावर बसली आणि एकाएकी तिचा चेहरा उतरला.

"रोहे, मी आशी नीट चालत गेले तर ते काय म्हंतील म्हाईतय? म्हंतील, बघा, बघा. ढोंगच हुतं. आता कशी चालती."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पण आबा अगदी हेच म्हणाले असते, आणि हळदीला जमलेले सगळे हसले असते.

मी म्हटलं, मग जायलाच नको.

"जायचं. मी चालनार आन् तू बोलनार. डॉक्टरांनी काय सांगितलं ते समद्यांम्होरं सांगायचं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "बोलशील का? का पुस्तकं वाचून वाचून मुकी झालीस?"

बोलेन म्हणाले आणि कामाला गेले. संध्याकाळी मेथी निवडली, दोघींनी पिठलं खाल्लं. तिने आणखी दोन फेऱ्या मारल्या.

गुरुवारी सकाळी ती चहा पिता पिता गेली. रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली, डॉक्टर म्हणाले. कुणाची चूक नव्हती. चूक असती तर मला बरं वाटलं असतं.

तिला कळसला नेलं. दुसऱ्या दिवशी आबांनी मला बाजूला घेतलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, लग्न सुतकात येत होतं. हल्ली लोक तिसऱ्या दिवशीच दहावा उरकतात, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. मी म्हणाले की माझ्या आईचा दहावा दहाव्या दिवशीच होईल. ते बराच वेळ समजावत राहिले. मी तेच वाक्य चार वेळा म्हणाले. जाताना ते कुणाला तरी म्हणाले ते मला ऐकू आलं, "मरायला बी येळ बरा साधला."

लग्न महिनाभर पुढे गेलं. अविराज बिचारा भला मुलगा आहे, त्याच्यासाठी मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दहावा कालव्याच्या कडेला झाला. कावळा लगेच शिवला. महाराजांचं प्रवचन संपलं आणि आमच्याकडे असतात तशी श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. माइक बिरूकडे होता. गावातलं कुठलंही कार्य असलं तरी माइक त्याच्याकडेच असतो. सोसायटीचे चेअरमन बोलले, एक माजी सरपंच बोलले. मग आबा काठी टेकत उठले.

धोंडा लई सोसणारी होती, पायानं अधू पण कामाला कधी मागं सरली नाही, असं ते बोलले. त्यांचा आवाज भरून आला. तो खोटा नसावा. "लई गरीब सभाव," ते म्हणाले. "आमी तिला लाडानं ढोंगाबाई म्हणायचो."

मांडवात थोडं हसू पसरलं, मायेचं म्हणतात तसं. माझ्या शेजारची चुलती डोळ्यांना पदर लावून हसली.

मी उठले. बिरू हळूच म्हणाला, "ताई, बायामान्सं बोलत न्हाईत हितं." मी हात पुढे केला तेव्हा त्याने माइक दिला.

"मी रोहिणी. धोंडाबाईंची मुलगी. एकतीस वर्षांपूर्वी माझी आई ट्रॉलीवरून पडली, तेव्हा तिचा खुबा मोडला होता. मुका मार नव्हता. डॉक्टरांनी तो उघडून बघितलाय. मोडक्या खुब्यानं तिनं पाचव्या दिवशी तुमच्या तोड्याच्या माणसांना भाकरी घातल्या, आबा. त्या दिवशी तुम्ही तिला हे नाव दिलंत. लाडानं नाही."

माझा आवाज कालव्यापलीकडून परत येत होता. आबा पुन्हा काठीवर जोर देऊन उठू लागले. "रोहिणी, झालं गेलं त्ये..."

"बसा आबा. माझं संपलं नाही."

ते बसले.

"तुमच्याकडं पाहुणे आले की तुम्ही म्हणायचा, रोहे, आईगत चालून दाव. मी चालून दाखवायचे. तुम्ही हसायचा, पाहुणे हसायचे, मग मी परत चालायचे, अजून जोरात. ती चुलीपाशी बसून बघायची. मी तिची कधी माफी मागितली नाही. ती होती तोवर तोंडच उघडलं नाही माझं." मी आबांजवळ गेले. "त्या अंगणात ढोंग करणारी एकच होती. ती मी. ते नाव माझं आहे, आबा. मला म्हणा. आत्ता, सगळ्यांसमोर म्हणा."

मी माइक त्यांच्यापुढे धरला.

"म्हणा की. चालू आहे."