तीस तासांचा प्रवास

“तीस तास लागतात,” असं म्हणत धाकटीने कॉम्प्युटरचा पडदा हळूच आपल्याकडे वळवून घेतला. त्यावर थेट विमान दिसत होतं. तेरा हजार किलोमीटर, सोळा तास.

तिकिटांच्या त्या छोट्या ऑफिसात तिची अर्धी नोकरी लोकांना लवकर पोचायच्या वाटा शोधून देण्यात गेली होती. आज पहिल्यांदाच ती लांबची वाट शोधत होती. समोर आई बसली होती. परदेशातल्या थोरलीने तिला चार महिन्यांसाठी बोलावलं होतं आणि त्या फोनपासून आईचे पाय जमिनीवर नव्हते. औषधं धाकटीने आणायची, दुखरे गुडघे धाकटीने चोळायचे, आणि शेजारीपाजारी कौतुक मात्र थोरलीचं!

“तीस तास?” आईचा चेहरा उतरला.

“मध्ये दोनदा विमान बदलायचं. तुझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही ते.”

आई आता ‘राहू दे’ म्हणेल, म्हणून धाकटी वाट पाहत राहिली. आईने डोळ्यांना पदर लावला.

“बिचारी पोर! एवढं सोसून दरवर्षी येते, आणि एका शब्दानं कधी बोलली नाही गं!”

धाकटी करायला गेली एक आणि झालं भलतंच. आधी थोरली नुसती हुशार होती, आता सोशिकही झाली.

“थांब,” ती घाईघाईने म्हणाली. “थेट विमान आहे. सोळा तास. बदलायचं नाही, काही नाही.”

“मग तीस कुठले?”

“ते दुसऱ्या वाटेनं. तीसुद्धा थेटच येते, आई. झोपून येते चांगली.”

“तुला काय ठाऊक?” आई फणकारली. “आपल्यासाठी सामान आणायचं म्हणून पैसे वाचवत असेल, येत असेल लांबच्या वाटेनं. सांगणारी आहे का ती!”

धाकटीने मुकाट्याने थेट विमानाचं तिकीट काढलं. खिडकीजवळची जागा घेतली, व्हीलचेअरही सांगून ठेवली.

निघायच्या दिवशी विमानतळावर खुर्ची ढकलायला आलेल्या माणसाला आईने आत शिरायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. थोरलीचं घर, थोरलीची नोकरी, तीस तास सोसून तिचं ते येणं.

“आणि या कोण?” त्याने विचारलं.

आईने वळून पाहिलं. “ही? ही इथलीच.”

दारापाशी तो म्हणाला, पुढे तपासणीत पाण्याची बाटली नेऊ देत नाहीत. आईने ती कठड्यावरून धाकटीच्या हातात दिली. “टाकू नकोस. पिऊन टाक. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.”

खुर्ची वळली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. बाटलीत अर्धंअधिक पाणी होतं. धाकटीने तिथेच उभ्या उभ्या ते संपवलं आणि ऑफिसची वेळ होत आली म्हणून ती बाहेर पडली.