गुरुजींचा नंबर

ग्लासगोमधल्या बँकेला विशाखाच्या राहत्या पत्त्याचा पुरावा हवा होता. खोलीचा मालक विद्यापीठातली नावनोंदणी झाल्याशिवाय करारावर सही करणार नव्हता. नावनोंदणी शुल्काचा पहिला हप्ता भरल्याशिवाय होणार नव्हती, आणि मोबाइल कंपनी तिथल्या बँक खात्याशिवाय महिन्याचे कनेक्शन देत नव्हती. ही साखळी घडवणारे लोक सुसंस्कृत असावेत. प्रत्येक नकाराच्या शेवटी त्यांनी तिला शुभेच्छा दिल्या होत्या.

हप्त्याचे पैसे तिच्याकडे होते. सरकारी शिष्यवृत्ती आठवड्यापूर्वीच तिच्या इथल्या खात्यात जमा झाली होती. ती हलवायची तर बँकेकडून मोबाइलवर येणारा सहा आकडी कोड लागे, आणि तो कोड मुरुडच्या अर्जुनराव गुरुजींच्या मोबाइलवर येई.

यात गुरुजींची लबाडी नव्हती, हे न्यायबुद्धीने नोंदवते. अकरा वर्षांपूर्वी ते मुख्याध्यापक होते. आमच्या वस्तीतल्या मुलांची शिष्यवृत्तीची खाती उघडताना अर्जात मोबाइल नंबरचा रकाना सक्तीचा होता, आणि आमच्या घरांत नंबर टिकत नसत. गुरुजींनी एकेचाळीस अर्जांवर स्वतःचा नंबर घातला. मुले मोठी झाली, काही हैदराबादला गेली, काही पुण्याला. कोड मात्र मुरुडला येत राहिले. विशाखा जाण्याआधी शाखेत तीनदा जाऊन आली. दोनदा सर्व्हर बंद होता. तिसऱ्यांदा अर्ज घेतला गेला, पोचपावतीवर शिक्का बसला, आणि नंबर तोच राहिला. "बदलता कशाला? मी हाय की," असे गुरुजी तेव्हा म्हणाले होते.

नोंदणीची मुदत शुक्रवारी तिथल्या दुपारी बारापर्यंत, म्हणजे आपल्या साडेचारपर्यंत. ती चुकली की प्रवेश रद्द, आणि प्रवेशामागोमाग व्हिसा. फोनवर गुरुजी आकडे सांगेपर्यंत कोडची तीन मिनिटे संपून जात, आणि बँक दिवसाला तीनच कोड देई. म्हणून मी नांदेडहून, कॉलेजचे तास टाकून, निघाले. लातूरला केरबादादाला, माझ्या भावाला, विशाखाच्या बापाला, गवंडीकामावरून तसेच उचलले. अडीच वाजता आम्ही मुरुडला गुरुजींच्या ओसरीवर होतो.

तिथे धुरपताबाई आधीच बसलेल्या होत्या. नातवाच्या हॉस्टेलचे पैसे भरायचे होते, आणि त्याचाही कोड इथेच येई.

"या महामाया मॅडम, खुर्चीवर बसा," गुरुजी म्हणाले. "केरबा, तू बी बस की रे."

दुसरीही खुर्ची होती. दादा पायरीवर बसला.

पहिला कोड आला तेव्हा मोबाइल आत चार्जिंगला होता. सून अयोध्या तो घेऊन आली, मग चष्मा शोधण्यात आला, मग कोड मेला. दुसऱ्या वेळी गुरुजींनी आधी व्हिडिओ कॉलचा आग्रह धरला. "पोरीचं तोंड तर दिसू द्या. आपल्या शाळेची लेक सातासमुद्रापार गेली, गंमत हाय का?" लेकीचे तोंड पडद्यावर गोठले, रेंज गेली, आणि तीन मिनिटेही गेली.

मी अंगणात जाऊन विशाखाला फोन लावला. "आता पैसे पाठवू नकोस. नेट बँकिंगमध्ये नंबर बदलायची सोय आहे, परदेशी नंबरही चालतो. उरलेल्या कोडने तुझा तिथला प्रीपेड नंबर जोड. मग कोडांची मोजणी नव्याने सुरू होईल, आणि कोड तुझ्याच हातात येतील."

"गुरुजींना सांगितलंस का, आत्या?"

"खातं तुझं आहे."

युक्ती माझी होती. सत्तेच्या स्वरूपावर मी वीस वर्षे वाचले आहे, त्यामुळे ती मला फार आवडली होती.

तिसरा कोड आला. मी फोनचा स्पीकर सुरू ठेवला होता. गुरुजींनी बोट ठेवून वाचायला घेतले. "चार. शून्य. नऊ. दोन." बोट थांबले.

"मॅडम, हितं तर नंबर बदलण्यासाठी असं लिवलंय."

मी फोन त्यांच्या आणखी जवळ सरकवला.

"म्हंजे माझा नंबर काढायलाव तुम्ही?" त्यांनी मोबाइल मांडीवर उपडा ठेवला. "अकरा वर्षांत एक रुपया इकडचा तिकडं झाला का? सांग रे केरबा."

"न्हाई गुरुजी. सांगून टाका आकडे. पोरगी तिकडं रडायली."

"मागितलं असतं तर दिलं नसतं का मी? चोरून कशापायी?"

"गुरुजी, आधी आकडे सांगा," धुरपताबाई म्हणाल्या, "मागून रुसा की निवांत. आम्ही हावोत की समजूत काढायला."

"पन्नास सेकंद, आत्या," फोनमधून आवाज आला.

"चुकलं माझं, सर," मी म्हणाले.

"तुमचं न्हाई. पोरीनं म्हणावं."

फोनमध्ये क्षणभर कुठल्या तरी परक्या दाराची उघडझाप ऐकू आली. "चुकलं, गुरुजी," विशाखा म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता.

"सात. एक."

आम्ही सगळे फोनकडे बघत होतो.

"लागला नंबर," ती म्हणाली. मग ती पुढे वाचू लागली. "आत्या, खाली लिहिलंय. नंबर बदलल्यावर सुरक्षिततेसाठी चोवीस तास पैसे पाठवता येणार नाहीत."

माझ्या प्रबंधाला सहाशे बारा तळटिपा आहेत. ही एक वाचायची राहिली. पावणेचार वाजले होते.

विशाखा नोंदणी कार्यालयातच उभी होती. तिने काउंटरवर विनंती केली. पलीकडच्या बाईंचा मऊ, सहानुभूतीने भरलेला आवाज आम्हालाही ऐकू आला. उत्तर घेऊन ती फोनवर आली. "सोमवारपर्यंत मुदत देतील. पण उशीर माझ्यामुळे झाला नाही याचा लेखी पुरावा हवा. ज्यांचा नंबर होता त्यांचं पत्र, सहीनिशी. त्यांचं माझं नातं काय, नंबर का दिला होता, सगळं. बाराच्या आत."

गुरुजींनी सगळे ऐकले होते. त्यांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, तो असता तर मला सोपे गेले असते. ते लगबगीने आत गेले आणि नाव छापलेला कागद घेऊन आले. "इंग्रजीतच लागंल ना? माझं इंग्रजी जुन्या वळणाचं हाय, पण चूक सापडायची न्हाई." पहिला परिच्छेद त्यांच्या चौतीस वर्षांच्या सेवेवर होता. चार वाजून पाच मिनिटे झाली.

"सर, मुद्द्याचं तेवढं..."

"प्रस्तावनेबिगर पत्र असतंय का मॅडम? तुम्ही तर प्राध्यापक."

दुसऱ्या परिच्छेदात वस्ती आली, वस्तीची परिस्थिती आली, आणि ती बदलणारे गुरुजी आले. अक्षर सुरेख होते. चार अठरा.

"नात्याच्या जागी काय लिहावं?" त्यांनी पेन उचलले. "विद्यार्थिनी म्हणलं तर ते म्हणतील, मास्तराचा नंबर कशाला? मानसकन्या म्हणावं. मॅडम, मानसकन्येला इंग्रजीत काय म्हणतात?"

मला शब्द माहीत होता. तो तोंडातून निघेना.

पायरीवरून दादा म्हणाला, "मुलगीच लिवा, गुरुजी. तुमची मुलगी. टाइम न्हाई आता."

गुरुजींनी तसे लिहिले, सही केली, खाली तारीख घातली. मी कागदाचा फोटो काढून पाठवला. चार सव्वीसला त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या. चार एकोणतीसला तिच्या नव्या नंबरवरून दोन शब्द आले: मुदत मिळाली.

पत्रातल्या मजकुराबद्दल तिने काही विचारले नाही. दादा तोवर उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला होता.